दुपारी श्वास घेणारा हातपंप

मित्रांनो, मी एक जुना हातपंप आहे. भिवंडीजवळ दापोड्याच्या वाटेवर, गोदामांमागच्या आळीत उभा आहे. खडक फोडून मला इथे बसवलं तेव्हा चहूकडे भातशेती होती. पहिलं पाणी आलं त्या दिवशी बायकांनी माझ्या दांड्याला हळदकुंकू लावलं. पुढे कित्येक वर्षं आळीतला भात माझ्याच पाण्यावर शिजला.

मग शेतांवर गोदामं उभी राहिली. गोदामांचे मालक केसरीनाथशेट यांनी टँकर भरण्यासाठी खोल बोअर मारली. रस्त्यापलीकडे रहमतुल्लाभाईंचा कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता. त्यांनीही कारखान्यासाठी दुसरी बोअर मारली. माझं पाणी खाली खाली जाऊ लागलं. एक हंडा भरायचा तर दांडा मारून खांदे भरून येत.

दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात आळीतले म्हातारे दौलतबाबा भर उन्हात पाण्याच्या रांगेत होते. ते माझ्या ओट्यावर कोसळले आणि तिथेच गेले. त्यांचा हंडा अर्धाच भरला होता.

त्यानंतर तो आवाज सुरू झाला.

माझ्या ओट्याला एक चीर आहे. दुपारी त्या चिरेतून लांब, जड श्वास ऐकू येई. आवाज माझ्या पोटातून येत होता, पण तो माझा नव्हता. मलाच त्याची भीती वाटे. वारा नसताना सुकी पानं सरकत येत आणि चिरेत नाहीशी होत. शेजारच्या मृणालीने एकदा तिथे तळहात ठेवला. तो आत ओढला जातोय असं तिला वाटलं. ती हात सोडवून घरी पळाली.

लोक माझ्याकडे यायचे बंद झाले. सिमेंट ओतून मला बुजवावं असं ठरलं. त्यासाठी आळी जमली, केसरीनाथशेट आणि रहमतुल्लाभाईही आले. तेव्हा दौलतबाबांच्या पत्नी गुणाबाई पुढे आल्या आणि त्यांनी चिरेजवळ उदबत्ती लावली.

धूर वर गेला नाही. तो वाकला, ओट्यावरून सरपटला आणि जमिनीत शिरला.

"त्यांची तहान भागली न्हाय अजून," गुणाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात लाईट गेली. कारखान्याची खडखड थांबली, बोअरच्या मोटारी थांबल्या. थोड्या वेळाने खूप खोल कुठेतरी पाणी सरकलं आणि गिळलेला धूर चिरेतून हळूहळू बाहेर आला.

रहमतुल्लाभाई चिरेपाशी वाकले. "शेट, लाईट गेली नि याचा दम सुटला. दुपारी चालणाऱ्या आपल्या मोटारीच याला ओढतायत."

"माझी एकट्याची न्हाय."

"माझी पण हाय. बंद करून बघू."

लाईट आल्यावर आधी शेटांनी मोटार बंद ठेवली. श्वास चालूच होता. मग ती चालू करून भाईंनी आपली बंद ठेवली, तरी चालूच. दोघांनी एकदम बंद केल्या, तेव्हा कुठे तो थांबला.

"म्हंजे खाली पानी एकच हाय," गुणाबाई चिरेवर हात ठेवून म्हणाल्या. "तुमी दोघं ओढत होता, नि आमचे हे वर उभे होते."

त्या दिवसापासून शेटांचे टँकर बंद झाले. मोटारी आळीपाळीने आणि थोडाच वेळ चालू लागल्या. आळीनेही ठरवलं, आधी सगळ्यांचं पिण्याचं पाणी, मग धुणीभांडी. लूमचे कामगार आणि आळीतली माणसं यांनी मिळून माझ्या शेजारी पाणी जमिनीत मुरवायला मोठा शोषखड्डा खणला. गोदामांच्या पत्र्यांवरचं पावसाचं पाणी त्यात सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात माझी धार बारीक होती, पण आटली नाही.

मित्रांनो, मोटारीचं बटण दाबण्याआधी आसपास एखादा माझ्यासारखा आहे का, एवढं पाहत जा. त्याच्या ओट्याजवळ थोडा वेळ उभे राहून कान द्या.

कारण इथल्या दोन्ही मोटारी बंद असल्या तरी एखाद्या दुपारी तो श्वास पुन्हा येतो. खडकाखालून, लांब पडघा गावाच्या बाजूने कुणीतरी ओढत असतं. परवा गुणाबाईंनी तो ऐकला आणि मुलाला हाक मारली.

"अनंता, तिकडं कोन हाय बघून ये. सांग त्यांना. नि तिथं बी पान्याच्या रांगेत कुनाचा जीव गेलाय का, त्ये पन इचार."