जमुनाबाईंची ओळ कोण उचलणार

जमुनाबाई सकाळी गेल्या आणि दुपारपर्यंत अंगण माणसांनी भरून गेलं. धानाची मळणी अर्ध्यावर टाकून लोक आले होते. बाया धाय मोकलून रडत होत्या. गजेंद्र आईच्या पायाशी भिंतीला टेकून बसला होता, आणि त्याची बायको पुष्पांजली मात्र कोरड्या डोळ्यांनी नुसती आत-बाहेर करत होती. बघणाऱ्यांना वाटलं, सून कठोर आहे. कठोर कसली, ती घाबरली होती. चार वाजता माती द्यायची होती, आणि ओळ तिला उचलायची होती.

ही ओळ म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. केशोरीच्या अलीकडे तलावाच्या काठी वसलेल्या या गावात ख्रिस्ती घरं थोडीच. कवेलूच्या छपराचं एक लहानसं चर्च. पाळकसाहेब अर्जुनी मोरगावहून येत, तेही महिन्यातून एकदा, बस मिळाली तर. बाकीचा सगळा कारभार जमुनाबाईंचा. चर्च झाडणं, सारवणं, रविवारी कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा बडवून लोकांना गोळा करणं, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना, बायकोला मारणाऱ्याच्या दारात उभं राहून त्याचा उद्धार, सगळं त्यांच्याकडे. त्यांना वाचता येत नव्हतं, पण शास्त्रातलं काही चुकलं की पाळकसाहेबांनाही त्या मधेच थांबवत. सगळं गाव त्यांना आई म्हणायचं, हिंदू घरंसुद्धा.

आणि कोणी मेलं की कबरीशी आई गाण्याची ओळ उचलायच्या. गेलेल्या माणसाच्या आयुष्यातलं काहीतरी खरंखुरं, उभ्याउभ्या जुळवलेलं. मग सगळी मंडळी उत्तर द्यायची, "येऊन राहिलो बापा, दार लावू नको." ओळ दरवेळी नवी, उत्तर तेच. त्यात कोणाची भलामण नसायची. गावातला एक पिणारा मेला तेव्हा त्यांनी उचललं होतं, "पिऊन पडला बांधावर, पण तोंड घराकडेच होतं." त्याची बायको रडता रडता हसली होती. खुद्द त्यांचा नवरा उमराव गेला तेव्हाही त्यांनी सोडलं नाही, "न विचारता बैल इकले, म्यां त्या राती भात नाई वाढला." लोक हसले, आणि मग आईच असं रडल्या की ढोलकीवाल्या चैतरामला त्यांना धरावं लागलं.

गाण्याला दोन बंधनं होती. कोणी मेल्याशिवाय ते म्हणायचं नाही, आणि कबर मातीनं भरली की तोंड मिटायचं. पाळकसाहेब म्हणायचे, हे शास्त्रात कुठे लिहिलंय? आई म्हणायच्या, "शास्त्रात चहा पण नाई लिवला, तो तर पिऊन राहिले ना तुम्ही."

पुष्पांजली या घोळात सापडली ती एका साध्या दुपारी. भांडी घासत होती. आई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होत्या.

"पुष्पे, माह्यावेळी तू उचलजो वं."

"हो, उचलीन," पुष्पांजली म्हणाली. हात राखेत, लक्ष भाताच्या गंजाच्या करपलेल्या बुडाकडे. सासूच्या मरणाचं बोलणं कोणती सून लांबवते? लवकर मिटवायचं म्हणून हो म्हटलं.

पुढे एकदा तिने धीर करून विचारलं, "आई, कसं जुळवता, थोडं शिकवा ना."

"अन् कोण मेलं आज?" आई डोळे वटारून म्हणाल्या. "जित्या घरात ते गाणं काढून राहिली का तू?"

झालं. शिकणं तिथेच संपलं. प्रेरणाने, पुष्पांजलीच्या मुलीने, एका मयतीत मोबाइलवर भरून घ्यायचं ठरवलं तर आजीने सगळ्यांसमोर तिचा कान पिरगळला. अशी ही बाई. जिवाला जीव द्यायची, पण स्वतःचं म्हणणं तसूभर सोडायची नाही. आणि आता ती पांढऱ्या चादरीखाली शांत पडली होती, सगळ्यांना अडकवून.

पुष्पांजलीने चैतरामला गाठलं. आईंच्या वयाचा हा म्हातारा दर मयतीला ढोलकी धरायचा.

"काकाजी, तुम्ही उचला ना. तुम्ही त्यायले लहानपणापासून पाहून राहिले."

चैतरामने मान हलवली. "मले उत्तर येते बाई. जिंदगीभर उत्तरच देत आलो. ओळ कधी तोंडातून काढलीच नाई." मग डोळे पुसत म्हणाला, "आम्ही सारेच तिच्या भरोशावर बसलो. तिले बी मरण आहे, हे कोणाच्या ध्यानातच नाई आलं."

आता यावर रागवायचं तरी कोणावर? सगळं गाव उत्तर द्यायला तयार होतं, आणि विचारणारी तेवढी चादरीखाली होती.

पाळकसाहेब आले तेव्हा तिने त्यांनाही विचारलं. ते भले माणूस. म्हणाले, "पुस्तकातलं एखादं गीत घेऊ. प्रभूला सगळी गीतं सारखीच."

"प्रभूले सारखी असतील, साहेब. आईले नाई चालणार."

आईंना काय चालायचं नाही, हे पाळकसाहेबांनाही चांगलंच माहीत होतं.

मग शवपेटी निघेपर्यंत पुष्पांजली मनात जुळवत राहिली. केशोरीहून नवरी होऊन आली, अशी सुरुवात करावी? पण ते तर कोणीही सांगेल. प्रेरणा झाली तेव्हा शेजारणींनी मुलगीच का म्हणून तोंड वाकडं केलं, आणि आईंनी तिला तेल लावून, टॉवेलात गुंडाळून चर्चमध्ये नेलं, आणि रुळाचा तुकडा असा बडवला की लोक आग लागली म्हणून धावत आले. ते सांगावं? की मीठ जास्त पडलं म्हणून पाहुण्यांसमोर ताट सरकवलं, ते? उरलेली वाटीभर भाजी शेजारी द्यायला गेल्या आणि स्वतः उपाशी झोपल्या, ते? इतकं सगळं होतं की एकही ओळीत मावत नव्हतं. उरापर्यंत यायचं आणि तिथेच अडकायचं. तिला आईंचा राग आला. शिकवलं असतं तर काय बिघडलं असतं? मग त्या रागाचीच लाज वाटली.

दफनभूमी तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाच्या पायथ्याशी. पेटी खाली उतरली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, पुस्तक मिटलं आणि एक पाऊल मागे सरकले. चैतरामने ढोलकीवर थाप दिली. सगळे पुष्पांजलीकडे बघू लागले. आईंनी तिला सांगितलं होतं, हे गावाला माहीत होतं. आईंनी सगळ्यांना सांगूनच ठेवलं होतं.

पुष्पांजलीने तोंड उघडलं. केशोरी नाही, रूळ नाही, मीठ नाही, काही आलं नाही.

"आई," एवढंच आलं.

आणि मंडळीने, सवयीनेच, उत्तर दिलं, "येऊन राहिलो बापा, दार लावू नको."

ढोलकी थांबली. लोक पुढच्या ओळीसाठी थांबले. तिने पुन्हा जोर केला.

"आई…"

"येऊन राहिलो बापा, दार लावू नको."

तिसऱ्यांदा तोही शब्द आला नाही, नुसता हुंदका आला. कोणी उत्तर दिलं, कोणी नाही. गजेंद्रने खाली वाकून मूठभर माती टाकली. मग सगळ्यांनी टाकली. फावडी चालू झाली, आणि चैतरामने ढोलकी गळ्यातून काढून खाली ठेवली.

परतताना प्रेरणा तिचा हात धरून चालली. "आई, झालं ना वं. तू म्हटलं ना."

"नाई झालं," पुष्पांजली म्हणाली.

घरी येऊन ती विहिरीशी पाय धुवायला थांबली. लोटा कलता केला, गार पाणी पायांवर पडलं, आणि ओळ आली. कुठे अडली नाही, सूर घेऊनच आली.

साऱ्या गावाले पोचवून आली, आता एकटी निघाली.

तिने गर्रकन मागे वळून पाहिलं. पाळीखाली माणसं फावडी खांद्यावर टाकून घराकडे निघाली होती. कबर भरली होती. आता ती ओळ तोंडातून काढायची नव्हती, आणि पुढच्या मयतीला ती दुसऱ्या कोणाला लागू पडणार नव्हती.

ओट्यावर शेजारणीने चहा आणून ठेवला होता. "ये वं पुष्पा, दोन घोट घे," तिने हाक मारली.

पुष्पांजलीने ओठ घट्ट मिटले, दुसऱ्या पायावर पाणी ओतलं आणि आत गेली.