भिंगरीचा डावा कान

माझा आवाज मोठा आहे हे मला कोणी सांगायला नको. मासळीबाजारात लिलावाची बोली पुकारते मी. एकीकडे बर्फ फोडणं चाललेलं, दुसरीकडे हातगाड्यांचा खडखडाट, त्यात घेणाऱ्यांचा गलका, आणि या सगळ्यावरून माझा आवाज शेवटच्या खांबापर्यंत पोचला पाहिजे. पोचतो. बाजारात मला ‘भोंगा’ म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. त्याचं मला काही वाटत नाही. वाटायचं ते एकाच गोष्टीचं. अख्ख्या बाजाराला ऐकू जाणारा हा आवाज माझ्याच घरातल्या एका माणसाला ऐकू जात नव्हता.

ते माणूस म्हणजे माझी भाची. धाकट्या भावाची मुलगी, वय पाच, जन्मापासून ठार बहिरी. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती सारखी गर्रकन मागे वळून बघते. पाठीमागे काय चाललंय हे कळायला बिचारीला दुसरा मार्गच नव्हता. पण म्हणून गरीब गाय वगैरे समजू नका हं! हातांनी इतकं बोलते की समोरचा दमतो. खुणांची भाषा आम्ही सगळे शिकलो, तिच्याआधी मीच. माझ्यासाठीची खूण मात्र तिनेच काढली. मूठ तोंडापाशी धरायची आणि बोटं फाडकन उघडायची. झाली आत्या. माझा आवाज तिला ठाऊक नव्हता, जबडा चांगलाच ठाऊक होता.

भाऊ सुतार. खाली त्याचा कारखाना, वर आम्ही राहतो. मी त्यांच्यातच असते, त्यामुळे सगळ्यात नाक खुपसायचा हक्क मला आहे. भिंगरीला ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा भाऊ महिनाभर कोणाशी धड बोलला नाही. मग एके दिवशी त्याने घरातली जमीन उखडली आणि सगळीकडे लाकडी फळ्या टाकल्या. खाली पट्ट्या, वर फळ्या, मध्ये मुद्दाम पोकळी ठेवलेली. स्वयंपाकघरात पाय आपटला की थरथर थेट शेवटच्या खोलीत तिच्या तळपायाला. एकदा ठप्प म्हणजे इकडे बघ, दोनदा म्हणजे जेवायला ये. आमच्या घरात हाक ही अशी पायाने मारायची. नवीन माणूस आला की त्याला वाटायचं, हे लोक भांडतायत की काय.

आणि मग वहिनीने ती बातमी आणली. वहिनी चष्म्याच्या दुकानात काम करते. मोजकं बोलणारी, शांत बाई. त्या दिवशी मात्र जिन्यावरूनच ओरडत आली, “ताई! ताई, निघालं औषध!” मला वाटलं, घराला आग लागली.

कानाच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. भिंगरीच्या कानात आवाज जातो, पण आतल्या बारक्या पेशींकडून तो पुढे नसेला दिला जात नाही. तो पुढे देणारं एक प्रथिन तिच्या शरीरात तयारच होत नाही, कारण ते तयार करायची जी कृती जनुकात लिहिलेली असते ती हिच्यात बिघडलेली आहे. आता ती कृती धडधाकट लिहून कानात पोचवता येते. पोचवतो कोण? तर विषाणू. त्याचं रोगाचं सामान काढून टाकलेलं, नुसता हमाल राहिलेला.

“पण जनुक मोठं आहे,” डॉक्टर म्हणाले. “एका विषाणूत मावत नाही. म्हणून त्याचे दोन तुकडे करून दोन विषाणूंमधून पाठवतो. पेशीत गेल्यावर ते जुळतात.”

भाऊ तोवर खाली मान घालून बसला होता. त्याने एकदम डोकं वर केलं. “म्हणजे जिन्यातून कपाट जात नाही म्हणून सोडवून वर न्यायचं आणि खोलीत जोडायचं. असंच ना?”

“अगदी असंच!”

“मग जमेल,” भाऊ म्हणाला. इतका वेळ संमतीच्या कागदावर सही करायला त्याचा हात धजत नव्हता, तो लगेच पुढे झाला. पण कपाट कधी कधी जुळत नाही हे सुताराला कळत नाही असं थोडंच आहे! डॉक्टरांनीही काही लपवलं नाही. आधी फक्त डावा कान. त्यात गुण आला तर उजवा. नाही आला तर इथेच थांबायचं, कारण तेच औषध त्याच कानात पुन्हा घालता येत नाही, आणि डाव्यात चाललं नाही ते उजव्यातही चालायचं नाही. म्हणजे सगळा जीव त्या एका डाव्या कानात अडकलेला.

आठवड्याभराने कानात औषध सोडलं. घरी निघताना डॉक्टर म्हणाले, “फरक हळूहळू पडेल, काही आठवडे जातील. घरी परीक्षा घेत बसू नका.” आणि बोलताना बघत कोणाकडे होते? माझ्याकडे! माझी कीर्ती तिथवर कशी गेली कोण जाणे.

घ्यायची नाही म्हणजे नाही, असं ठरवून मी बरेच दिवस कळ काढली. खरंच काढली. पण एका सकाळी भिंगरी खिडकीपाशी पाठ करून चित्र रंगवत बसली होती. घरात मी आणि ती. म्हटलं, एक हाक. एका हाकेने काय आभाळ कोसळणार आहे? मी दारात उभी राहिले आणि पोटातून हाक घातली, “भिंगरीऽऽ!”

ती गर्रकन वळली!

अगं बाई, मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. मी तिला उचलली, गरागरा फिरवली, रडले, हसले, वहिनीला दुकानात फोन केला, भावाला जिन्यावरून हाका मारल्या. तो रंधा हातात घेऊन तसाच वर धावला. वहिनी अर्ध्या तासात घरी. ती नुसती मुलीचा डावा कान कुरवाळत बसली. मी बाजारात गेले आणि चालू लिलाव थांबवून कर्ण्यावरून सांगितलं, “माझ्या भाचीला ऐकू आलं हो!” लोकांनी टोपल्या वाजवल्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला, माझ्या डोळ्यांदेखत वळली होती पोर.

संध्याकाळी जेवताना भावाचं लक्ष माझ्या पायांकडे. जेवण झाल्यावर म्हणाला, “ताई, सकाळी उभी होतीस तिथेच उभी राहा. आणि मार हाक.”

मी मारली. भिंगरी वळली. मी ऐटीत भावाकडे बघितलं.

“आता पाय बघ तुझा,” तो म्हणाला.

माझा उजवा पाय फळीवर टेकत होता. हाक मारताना मी तो आपटला होता. मला पत्तासुद्धा नव्हता! इतक्या वर्षांची सवय, तोंड उघडलं की पाय उठतोच. भाऊ माझ्या जागी आला, तोंड घट्ट मिटलं आणि नुसता पाय आपटला. भिंगरी तश्शीच गर्रकन वळली आणि हाताने विचारलं, ‘काय? मघापासून काय?’

मग त्याने मला खुर्चीवर बसवलं, पाय वर घ्यायला लावले आणि पुन्हा हाक मारायला सांगितली. मी घसा फाडला. ती आपली निळा रंग भरत राहिली.

वहिनी उठून आत गेली. मी मागोमाग गेले तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “ताई, हात जोडते. आता निकाल लागेपर्यंत यावर एक अक्षर बोलू नका.” ती माझ्यावर कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. आणि भाऊ? तो त्या फळ्यांकडे बघत बसला होता. लेकीसाठी इतक्या मायेने ठोकलेली जमीन, आणि तिनेच फसवलं.

त्यानंतर मी मूग गिळून गप्प. बाजारात लोक विचारायचे, “काय म्हणते भाची?” मी विषय बदलायचे. घरात मी फक्त माझा फोन वाजला की बोलायचे, ते धंद्याचं. पुढे पुढे माझं फोनवर सुरू झालं की भिंगरी रंगांचा डबा उचलायची, आतल्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. एकदा नाही, रोज. म्हटलं, बरोबर आहे. पोरसुद्धा रुसली माझ्यावर. त्या दिवशी उचलून नाचवलं कशाला आणि नंतर सगळ्यांची तोंडं उतरली कशाला, तिला काय कळणार? बोलून दाखवायची मात्र माझी छाती झाली नाही. एकदा दिवे लावले होते ते पुरे होते.

काही आठवड्यांनी तपासणीचा दिवस उजाडला. इस्पितळातली ती खोली एवढीशी, भिंतींना जाड गादीसारखं अस्तर, खाली गुबगुबीत गालिचा. दार लागलं की स्वतःचा श्वास ऐकू यावा अशी शांतता. तपासणाऱ्या बाई तरुण, हसऱ्या. त्यांनी भिंगरीच्या कानांवर हेडफोन चढवले, समोर बादली आणि लाकडी ठोकळे ठेवले. आवाज आला की एक ठोकळा बादलीत टाकायचा. आम्ही तिघं मागच्या भिंतीला चिकटून उभे.

पहिला ठोकळा पडला आणि वहिनीने माझा दंड असा आवळला की बस. दुसरा पडला. तिसरा. मग आमची पोर रंगात आली. ठोकळा टाकला की बाई हसतात, हे तिने हेरलं. बाईंनी बटणाला हात लावायच्या आतच हिचे ठोकळे धडाधड बादलीत! शेवटी तिने बादलीच रिकामी केली आणि टाळ्या पिटल्या.

बाईंनी हेडफोन काढले. “यावरून काही सांगता येणार नाही. खेळ म्हणून टाकतेय ती. तिला झोपवून, डोक्याला तारा लावून तपासणी करता येईल, पण ती पुढच्या आठवड्यात.” आमचे चेहरे बघून त्यांना दया आली असावी. “बरं, मागून नुसती हाक मारून बघू. आई, तुम्ही.”

वहिनीने हाक मारली. तिचा आवाज मुळात एवढासा, त्यात रडवेला. भिंगरी ठोकळे रचत बसलेली. भावाने मारली. ती वळली, पण ती तर दर दोन मिनिटांनी वळतेच. बाईंनी मान हलवली. “मोठ्या आवाजाचं कोणी आहे का घरात?”

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मी चपला काढल्या. गालिच्यावर पाय घट्ट रोवले. भाऊ पुढे आला आणि त्याने आपला पाय माझ्या उजव्या पायावर ठेवून दाबला. हसायचा प्रसंग नव्हता, तरी वहिनीला हुंदक्यातून हसू फुटलं. भिंगरी पुन्हा ठोकळ्यांकडे वळेपर्यंत आम्ही थांबलो.

मग मी हाक घातली. शेवटच्या खांबापर्यंत जाते ती.

“भिंगरीऽऽ!”

ती वळली नाही.

मान तसूभर हलली नाही. मी भिंत धरली. संपलं, असं वाटलं. डावा गेला, उजवाही गेला. मी नुसती म्हणत राहिले, “भिंगरे, अगं भिंगरे, अगं माझी बाय,” मोठमोठ्याने, वेड्यासारखी.

आणि मग तिचा हात वर आला. पाठ आमच्याकडेच, डोळे ठोकळ्यांवर. मूठ तोंडापाशी गेली आणि बोटं फाडकन उघडली. मग तळवा खाली दोनदा दाबला. आणि तो हात सरळ डाव्या कानावर.

“हे काय म्हणाली ती?” बाईंनी विचारलं.

वहिनी खालीच बसली होती. “आत्या,” ती म्हणाली. “आत्या, हळू!”

न बघता! मागे कोण आहे ते न बघता! रोज फोन वाजला की डबा उचलून आत का जायची, ते आत्ता माझ्या टाळक्यात शिरलं. रुसली नव्हती हो. माझा आवाज तिला सहन होत नव्हता!

भाऊ माझ्या पायावरचा पाय काढायचंसुद्धा विसरला होता. बाईंनी स्वतःचे डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, “ऐकलंत ना? हळू म्हणतेय ती.”

जन्मभर लोकांनी मला गप्प बस म्हणून सांगितलं, मी कोणाचं ऐकलं नाही. तिचं ऐकलं. तोंडावर हात दाबला आणि चूप झाले. खोलीत पुन्हा ती जाड शांतता झाली.

तेव्हा कुठे भिंगरी गर्रकन वळली, मी गेले की काय ते बघायला.