आश्खेनच्या भट्टीभोवतीचं लग्न

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. इकडे आर्मेनियात मला तोनीर म्हणतात. माझं अंग जमिनीत पुरलेलं आणि तोंड तेवढं वर, त्यामुळे परका माणूस मला खड्डा समजतो. समजू दे. ज्यांनी माझी भाकर खाल्ली, त्यांना मी कोण ते ठाऊक आहे.

मला आश्खेननं घडवलं. तेव्हा ती नवी सून होती आणि सासूचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "हिच्या हातची भट्टी पहिल्या जाळालाच तडकेल," असं सासू गावभर सांगत सुटली होती. आश्खेन काही बोलली नाही. बोलणार कशी? आमच्याकडे नवी सून नाकापासून हनुवटीपर्यंत ओढणी गुंडाळते आणि मोठ्यांसमोर वर्षानुवर्षं तोंड उघडत नाही. तिनं ओढ्याकाठची लाल माती आणली, त्यात बकरीचे केस आणि भुसा कालवला, आणि जो राग तोंडानं काढता येत नव्हता तो पायांनी काढला. इतकी तुडवलेली माती साऱ्या व्हान सरोवराकाठी सापडायची नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचत तिनं मला उभं केलं. पाद्र्यानं येऊन माझ्या ओल्या काठावर अंगठ्यानं क्रूस रेखला. मग पहिला जाळ झाला. काठाला केसाएवढी एक रेघ गेली, तेवढीच. सासूनं ती बोटानं चाचपली आणि म्हणाली, "बरी आहे." त्या घराण्यात याहून मोठं कौतुक कुणी कुणाचं केलेलं मला आठवत नाही.

पुढं काय काय पाहिलं ते सांगायला बसले तर तुमची कणीक आंबून जाईल. गवत भरलेल्या उशीवर लवाश, म्हणजे आमची कागदासारखी पातळ भाकर, पसरायची आणि कमरेत वाकून माझ्या पोटाला थापायची, हे काम आश्खेननं केलं, तिच्या सुनांनी केलं, नातींनी केलं. हिवाळ्यात माझ्यावर लाकडी घोडी, म्हणजे बुटकं मेज, ठेवून वर गोधडी टाकत, आणि सगळं घर तिच्या पट्टीवर पाय टेकून माझ्या उबेला बसे. थोरल्याची भांडणं, धाकट्याचे गारठलेले पाय, सगळं मीच शेकलं. माझ्यात कुणी थुंकत नसे. मला कुणी ओलांडत नसे. जाळ मात्र गोवऱ्यांचा. आमच्या पठारावर झाडं कुठली? गाईम्हशी आहेत, त्यांची कृपा.

आणि ओढणीआड गप्प राहिलेल्या आश्खेनचं काय झालं? तिची ओढणी एकदा सुटली ती सुटलीच. म्हातारपणी तिच्या जिभेला सारा गाव बिचकायचा. ती खोटं बोलत नसे, आणि खरं बोलताना समोरच्याचं तोंड पाहत नसे.

मग इराणच्या शहेनशहाचं फर्मान आलं. साऱ्या आर्मेनियानं ख्रिस्त सोडायचा आणि अग्नीला पुजायचं. गावोगाव शिपाई आले, आणि त्यांच्याबरोबर इराणी धर्मगुरू, म्हणजे मोबेद. आमच्या गावाला आला तो माहदाद नावाचा वाळका म्हातारा. पांढरा अंगरखा, आणि आगीजवळ जाताना नाकातोंडावर बांधलेलं पांढरं फडकं. श्वासानं आग विटाळते म्हणे. देवळाला कुलूप लागलं. आमचे पाद्री गाद यांना आश्खेननं आपल्या गोठ्यात, वैरणीमागं लपवलं. सापडते तर शिपाई त्यांना साखळदंड घालून इराणात नेते, आणि तिकडून कोण परत येतं?

मोबेद घरोघरच्या भट्ट्या पाहत फिरू लागला. माझ्यापाशीही आला. वाकून पाहिलं आणि कळवळला.

"आजी, आगीत शेण? अहो, आग म्हणजे देवाचा मुलगा! तिला असलं खायला घालता?"

"मग काय घालू, मोबेदबाबा?" आश्खेन म्हणाली. "तुमच्या शहेनशहाला सांगा, एक जंगल पाठवून दे."

"सुकी, स्वच्छ लाकडं घाला. आणि तोंडानं फुंकर मारू नका."

"बरं. उद्यापासून आगीला गाणं म्हणून पेटवते."

बरोबरचा शिपाई फिसकन हसला. मोबेद हसला नाही, पण रागावलाही नाही. तो तसाच माझ्याकडं बघत उभा राहिला, जसा एखादा परदेशी माणूस दुसऱ्याच्या पोराकडं बघतो, आपलं पोर आठवून.

त्या हिवाळ्याच्या शेवटी आमच्या सरदारानं शहेनशहाशी लढायला गुपचूप माणसं बोलावली. त्यात आतोम होता. आतोमचं आणि आश्खेनची नात वार्देनी हिचं लग्न ठरलेलं. दोन दिवसांनी तो निघणार. पोरीनं रडून डोळे सुजवून घेतले.

"रडतेस कशाला?" आश्खेननं दटावलं. "लग्न होईल."

"कुठं होईल, आजी? देवळाला कुलूप आहे."

"देवळाला आहे. माझ्या भट्टीला आहे का? हिच्यावर क्रूस आहे. डोंगरातल्या लोकांची लग्नं भट्टीभोवतीच लागत आली. ते काय सगळे बिनलग्नाचे राहिले?"

"आणि पाद्री? गोठ्यातून इथवर यायचं तर दारावरून शिपाई जातात."

आश्खेननं थोडा विचार केला आणि आपली जुनी ओढणी काढली.

दुसऱ्या दिवशी लवाश भाजायचा दिवस होता. भाजणीला बायका जमतातच, धूर निघतोच, कुणाला संशय येत नाही. त्या बायकांबरोबर एक भलतीच उंच नवी सून अंगणातून चालत आली. नाकापासून खाली ओढणी गुंडाळलेली, नजर जमिनीवर. दारावरून जाणाऱ्या शिपायानं रीत म्हणून तोंड फिरवलं. आत आल्यावर पाद्री गाद हळूच म्हणाले, "आश्खेनबाई, दाढी टोचते आहे."

"नव्या सुना बोलत नाहीत," आश्खेन म्हणाली. "उरका."

वर द्राक्षवेलीच्या काटक्या, खाली राखेआड गोवऱ्या, असा मला जाळ घातलेला होता. लाकूड पुरलं नव्हतं, इलाज नव्हता. वार्देनीचा हात आतोमच्या हातात दिला. माझ्याभोवती तीन फेरे घ्यायचे आणि दर फेऱ्याला वाकून माझ्या काठाला ओठ लावायचे. पाद्री पुढं, मागं ती दोघं. पहिला फेरा झाला. दुसरा झाला. दारावर नजर ठेवायला जिला बसवलं होतं ती धाकटी सून कणकेला फडकं घालायला उठली, आणि नेमका तेव्हाच मोबेद आत आला.

मित्रांनो, माझ्यात निखारे होते, तरी मी गार पडले. कुणी हलेना. वार्देनीनं आतोमचं मनगट सोडलं नाही. मोबेदनं सवयीनं आपलं पांढरं फडकं नाकावर चढवलं आणि तो माझ्या काठाशी आला. समोर पाद्री, तेही तोंड झाकलेले. दोन धर्मांचे दोन म्हातारे, दोघांच्या तोंडांवर कापड, आणि मधे मी.

मोबेदनं त्या उंच सुनेकडं पाहिलं. नवरानवरीकडं पाहिलं. काठावर ओठांचे ओले ठसे होते, ते पाहिले. त्याचे डोळे भरून आले.

"आगीला प्रदक्षिणा," तो म्हणाला. "तीही तोंड झाकून. माझ्या आईच्या गावी असंच करतात. आजी, मला वाटत होतं तुम्ही लोक आगीला फक्त राबवता. तुम्ही तिला मानता?"

सगळ्या घराचे डोळे आश्खेनकडं लागले. 'हो' म्हणणं एवढंच काम. पण तिला मी ओळखते ना! सासूच्या मरणावेळीही जिनं खोटं कौतुक केलं नाही, ती जिवाच्या भीतीनं आपला ख्रिस्त सोडल्याचं कबूल करणार? आणि खरं सांगितलं, तर पाद्री गेले, आतोम गेला, पोर अर्ध्या लग्नात विधवा.

आश्खेननं हात कमरेच्या फडक्याला पुसले.

"मोबेदबाबा, ही मी माझ्या पायांनी तुडवून केली. हिच्यात मी कधी थुंकले नाही आणि कुणाला थुंकू दिलं नाही. हिला कधी ओलांडलं नाही. हिच्यातली पहिली भाकर मी नेहमी दारच्या उपाशी माणसाला दिली, मग घरच्यांना. आमच्या घरात जे काही शुभ झालं ते हिच्यासमोर झालं. आता याला तुमच्यात जे नाव असेल ते तुम्ही द्या. मी शिकलेली बाई नाही."

एक शब्द खोटा नव्हता. मी साक्ष आहे.

मोबेदनं वाकून माझा काठ बोटानं चाचपला. मग म्हणाला, "एक फेरा राहिला वाटतं. थांबलात का? फिरा."

ती दोघं फिरली. पाद्री ओढणीआड पुटपुटत होते, मोबेद फडक्याआड पुटपुटत होता. कुणाची प्रार्थना कुठं संपली आणि कुणाची कुठं सुरू झाली, ते मला आजही सांगता यायचं नाही. शेवटी मोबेदनं कमरेच्या पिशवीतून सुगंधी लाकडाची एक ढलपी काढली, जपून ठेवलेली, घरून आणलेली, आणि माझ्यात सोडली. घरभर असा वास पसरला की गोवऱ्या लाजून बसल्या.

तो दाराशी गेला आणि मागं न वळता म्हणाला, "आजी, खालच्या गोवऱ्यांचा वास तरीही येतो. आणि त्या उंच सुनेला सांगा, वारं सुटलंय. अंगण ओलांडताना ओढणी घट्ट धर."

तो गेला. पाद्री आधी दाढी खाजवू लागले. आश्खेन मात्र दाराकडं बघत राहिली.

वार्देनीनं रीतीप्रमाणं माझ्यातले निखारे मडक्यात घेतले आणि खालच्या गावी सासरी नेले. त्यावर तिची चूल पेटली. आतोम लढाईला गेला आणि एक कान गमावून परत आला. "ऐकायला एक पुरतो, तुझ्या आजीसाठी तर एकही जास्तच," असं तो म्हणायचा, पण आजीच्या माघारी.

उन्हाळ्यात मोबेदला परत बोलावणं आलं. निघायच्या दिवशी आश्खेन पहाटे उठली. माझ्यावरची हिवाळ्याची लाकडी घोडी तिनं कुऱ्हाडीनं फोडली, सुकं स्वच्छ लाकूड, आणि फक्त त्यावर मला पेटवलं. थोरली सून ओरडली, "आई, थंडीत पाय कशावर ठेवायचे?" आश्खेन म्हणाली, "जमिनीवर. गप्प बस आणि लाट." पेटवताना तिनं फुंकर मारली नाही. भाजताना नाकावर ओढणी घेतली, नव्या सुनेसारखी. त्या लवाश फडक्यात बांधून तिनं मोबेदच्या हातात दिल्या.

"वास घेऊन बघा," ती म्हणाली.

मोबेदनं वास घेतला. आणि तो म्हातारा हसला, आमच्या गावात आल्यापासून पहिल्यांदा.

आता आश्खेन नाही. घर पडलं, नातवंडं खालच्या गावी गेली, तिकडं त्यांनी दुसरी भट्टी केली. माझ्या पोटात दगड आणि पालापाचोळा आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही, खोटं कशाला बोलू, थोडं वाटतं. पण खालच्या गावच्या प्रत्येक चुलीत वार्देनीनं नेलेला माझा निखारा आहे, हे मला माहीत आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी जुनी चूल, भट्टी, शेगडी असेल. तिच्यात थुंकू नका, तिला लाथ मारू नका, तिच्यातली पहिली भाकर उपाशी माणसाला द्या. आणि तुमच्या दारात वेगळ्या देवाचा माणूस आला, तर एक दिवस त्याच्या रीतीनं आग पेटवून बघा. घोडी एकच जाते. पाय जमिनीवर ठेवता येतात.