डबा म्हणतो, पाणी

थांब मित्रा, मध्येमध्ये बोलू नकोस, आधी नुसतं ऐक. मी काही जुनं-जाणतं झाड नाही. मी मिरची. प्लॅस्टिकची कुंडी, चार फांद्या, आणि राहायला बर्फाच्या कारखान्यात, मशीनच्या खोलीच्या दाराबाहेरच्या फळीवर. तिथे कोण शहाणा मिरची लावेल? पण मला खायला लावलंच नव्हतं. मला नोकरी होती.

बर्फ गोठवायला आत पाइपांमधून अमोनिया फिरतो. सुटला तर माणसाचे डोळे, घसा, श्वास, सगळं धरतो. मला तो थोडासा आला तरी कळतो, आणि कळला की अंगातून विजेची बारीक लहर जाते. ताई म्हणजे आमची इंजिनिअर. तिनं माझ्या देठाला आणि सगळ्यात मोठ्या पानाला केसासारख्या तारा लावून त्या एका डब्याला जोडल्या. तार निघाली तर कळावं म्हणून डब्याला भोंगाही बसवला. डबा शिकाऊ होता. कुठली लहर कशाची, हे ती त्याला शिकवत बसायची. अमोनियाचा बोळा माझ्याजवळ धरायची, मी दचकायचे, ती बटण दाबायची: गॅस. पंखा लावायची: वारा.

"ही तर माझ्या धाकटीसारखी," मावशी म्हणायची. "हात लावायच्या आधीच बोंब." मावशी कारखाना झाडते आणि मला पाणी घालते.

आता पुढचं ऐक. नळ आहे मशीनच्या खोलीत. मावशी दार उघडून बाटली भरून आणायची, आणि तिच्या मागोमाग आतला गॅस दबकत बाहेर यायचा. अगदी थोडा, एका जुन्या झडपेतून झिरपलेला. मी शहारायचे. ताई लॅपटॉपमधून मान वर न काढता विचारायची, "मावशी, आत्ता काय केलंत?"

"काय करणार बाई, पाणी घातलं."

ताई दाबायची: पाणी.

रोज हेच. मी जीव तोडून गॅस म्हणतेय आणि डबा शिकतोय पाणी. एकदम अंगावर आला तर गॅस, हळूहळू आला तर पाणी, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

"मामा, इथे वास येतो का हो?" ताईनं एकदा विचारलं होतं. मामा म्हणजे मशीन चालवणारे.

"बर्फाच्या कारखान्यात काय अत्तराचा येणार?"

मावशी हसली. तिचं नाक तर इतक्या वर्षांत कामातूनच गेलंय.

मग चाचणी झाली. ताईनं बोळा धरला, डब्यानं गॅस ओळखला, मालकांनी टाळ्या वाजवल्या. ताई दुसऱ्या कामावर गेली. माझ्या पानांवर धूळ बसायला लागली.

आज सुट्टी आहे. मामा आणि मावशी सोडले तर माणसं नाहीत, पण मशीन चालू आहे. आणि सकाळपासून दाराखालच्या फटीतून तो येतोय. झडप आणखी सैल झाली असणार. बंद दाराआड आत किती साठलाय, कोण जाणे. माझी खालची पानं कडेनं काळी पडलीत. मी लहरीवर लहर सोडतेय, आणि डबा हिरवा दिवा लावून म्हणतोय, पाणी. पाणी. पाणी.

मघाशी मामा डोकावले. "आज कोण एवढं पाजतंय हिला?" म्हणत त्यांनी ताईला फोन लावला.

"पाणीच दाखवतंय ना? मग काही काळजी नाही मामा," ताई फोनवर म्हणाली.

मामांनी मातीत बोट घातलं. ठणठणीत कोरडी. त्यांनी नाक चोळलं, डब्याला एक टपली मारली आणि बाहेर जाऊन हाक दिली, "मावशी, तुमची मिरची वाळली की. जरा पाणी घाला."

मावशी आलीसुद्धा. हातात रिकामी बाटली. "आले गं बाई, आले," म्हणत थेट दाराकडे निघालीये.

माझ्याकडे एकच गोष्ट उरलीये. तारेचं पान देठाशी सुटत आलंय. ते मी सोडलं की तार निघेल आणि डब्याचा भोंगा वाजेल. एकदाच. त्यानंतर मला आवाजच नाही. पण भोंगा ऐकून ती दचकून मागे फिरेल, की "अगं, मेली की काय" म्हणत पाण्यासाठी दार आणखी घाईनं उघडेल?

तिचा हात कडीवर आहे. तू माझ्या जागी असतास, तर सोडलं असतंस पान?