अर्धा काकु

तोकुजिरो कागाया सकाळपासून टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसला होता आणि टीव्हीखालच्या करड्या डब्याला शिव्या घालत होता. शिव्या तरी किती घालणार! जपानी भाषेत त्यांचा साठा मुळातच बेताचा, तो जेवायच्या आतच संपला. मग त्याने पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

डबा म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र. इतकं जुनं की बनवणाऱ्यांनीही त्याचं नाव टाकलं होतं. गावातलं विजेच्या सामानाचं दुकान बंद झालं तेव्हा तोकुजिरोने ते उचलून आणलं होतं. त्यातल्या उड्या मारणाऱ्या, गोळ्या झाडणाऱ्या मंडळींशी त्याला काही कर्तव्य नव्हतं. त्याला हवं होतं शोगी, म्हणजे तिकडचं बुद्धिबळ. तेंदो हे गावच शोगीच्या सोंगट्यांवर जगतं, आणि तोकुजिरोचा उभा जन्म त्या लाकडी सोंगट्यांवर अक्षरं कोरून त्यात लाख भरण्यात गेला होता. या यंत्रातून इंटरनेटवर वाटेल त्या अनोळखी माणसाशी डाव मांडता येई. तोकुजिरोला मात्र एकच अनोळखी चाले, आणि तो रविवारी दुपारी दोनला येई.

अनोळखी कसला! सख्खा थोरला भाऊ, एइकिची. शिंजो गावी एकटा राहणारा, लग्न न केलेला, नगरपालिकेतून निवृत्त झालेला. वडील गेल्यावर त्याने धाकट्याला न विचारता वडिलांच्या सोंगट्या कोरायच्या छिन्न्या संग्रहालयाला देऊन टाकल्या. वर्षश्राद्धाच्या जेवणात सगळ्या नातेवाइकांदेखत तोकुजिरो म्हणाला, "ज्याने जन्मात छिन्नी धरली नाही, त्याला छिन्न्या वाटायला काय जातंय?" त्या दिवसापासून दोघांत बोलणं नव्हतं. मग एका रविवारी पडद्यावर एक खेळाडू आला आणि त्याने पहिल्याच चालीला अगदी कडेचं प्यादं पुढे सरकवलं. ही चाल बिनकामाची, आणि तिच्यावरून वडील एइकिचीच्या टाळक्यात टपल्या मारायचे. तोकुजिरोने ओळखलं. समोरच्यानेही ओळखलं असणार, कारण पुढच्या रविवारी तो त्याच वेळेला पुन्हा हजर. तेव्हापासून दर रविवारी दोघे एकमेकांना ओळख न दाखवता खेळत होते. यंत्रात बोलायची सोय नव्हती, हे दोघांच्याही पथ्यावरच पडलं होतं. ठरलेली दोनच वाक्यं पाठवता येत. सुरुवातीला "कृपा असू द्या", आणि शेवटी हरणाऱ्याने म्हणायचं, "हरलो."

हे "हरलो" शोगीत चुकवता येत नाही. राजा मारला जायची वाट बघत बसायचं नसतं. हरणाऱ्याने आपण होऊन मान लवून ते म्हणायचं, की डाव संपला. न म्हणता उठून जाणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार आपटणं. आणि गेल्या रविवारी तोकुजिरोने नेमकं तेच केलं होतं. जिंकत आलेला डाव एका गाढवपणाच्या चालीने हातचा गेला, त्याचं डोकं फिरलं, आणि त्याने सरळ यंत्राचं बटण बंद केलं.

आठवडाभर त्याला त्याची लाज वाटत होती. रविवारी वेळेवर जायचं, नीट वाकून डाव मांडायचा, आणि हवं तर मुद्दाम हरून "हरलो" म्हणायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. तर मधेच टेलिफोन कंपनीचा माणूस आला, चांगली चालणारी जुनी वायफायची पेटी काढून नेली आणि नवी चकचकीत पांढरी पेटी बसवून गेला. म्हणे वेग वाढेल. वेग वाढला आणि जुन्या डब्याला घरात इंटरनेट आहे हेच दिसेनासं झालं.

आज गेलं नाही, तर एइकिची काय समजणार? मागच्या खेपेला पाठ दाखवली, या खेपेला तोंडही दाखवत नाही. तो पुन्हा कधी यायचा नाही. तोकुजिरो भावाला पुरता ओळखून होता. कागायांच्या घरात सुंभ जळतो, पीळ जात नाही.

म्हणून सकाळीच त्याने कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला होता. बराच वेळ पियानो ऐकवल्यावर एक मुलगी आली.

"ग्राहकमहाशय, आपली अडचण ऐकून फार वाईट वाटलं."

"तुला वाईट वाटून माझा डबा जोडला जाणार आहे का?"

मुलगी बिचारी गुणी होती. तिने सांगितलं की नवी पेटी नव्या पद्धतीचं कुलूप लावते, आणि जुन्या यंत्रांना ते उघडताच येत नाही. मग तिने तिकडे बसल्या बसल्या काहीतरी फिरवलं. पडद्यावर वायफायचं नाव उमटलं. तोकुजिरोला इतका आनंद झाला की तो फोनवरच वाकला. आता फक्त पेटीच्या पाठीवरचा पासवर्ड टाकायचा. इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची ती लांबलचक खिचडी त्याने चष्मा कपाळावर, डोळ्यावर, पुन्हा कपाळावर करत एकेक बटण दाबून टाकली. पडद्यावर अक्षरं दिसत नव्हती, नुसते ठिपके पडत होते.

"जोडता आले नाही," यंत्र म्हणालं.

पुन्हा टाकला. "जोडता आले नाही." मिसाओला, म्हणजे बायकोला, पेटीजवळ बसवून एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लावलं. तरी पालथ्या घड्यावर पाणी.

"ग्राहकमहाशय," मुलगी हळूच म्हणाली, "आपण हानकाकुमध्येच टाकताय ना?"

"कशात?"

"हानकाकु. हानकाकुमध्ये टाकायला हवं, नाहीतर ते घेत नाही."

तोकुजिरो थबकला. हान म्हणजे अर्धा. आणि काकु म्हणजे, आपली काकू नव्हे, शोगीतली तिरकी चालणारी सोंगटी. आपला उंटच म्हणा ना. निदान तेंदोत तरी काकु म्हटलं की दुसरं काही कुणाच्या डोक्यात येत नाही. आपण शोगी खेळतो हे त्याने या पोरीला मघाशी कौतुकाने सांगितलं होतं, आणि आता ही त्याचीच टर उडवत होती!

"पोरी, अर्धा काकु नसतो."

"असतो हो. पूर्ण काकु असतो आणि अर्धा काकु असतो. आपण बहुतेक पूर्ण काकुमध्ये आहात."

"जन्म गेला माझा काकु कोरण्यात! अर्धा करायचा म्हणजे काय, करवत घेऊ?"

"करवत?" मुलगी घाबरली. "ग्राहकमहाशय, कृपया यंत्र उघडू नका!"

तोकुजिरोने फोन आदळला.

"काय म्हणाली ती?" मिसाओने विचारलं.

"तुला समजायचं नाही. मलाही समजलं नाही. आणि तिला तर मुळीच समजलं नव्हतं."

मग त्याने यंत्र बंद केलं, चालू केलं. पेटी बंद केली, चालू केली. पेटी टीव्हीच्या डोक्यावर ठेवली. यंत्राच्या पाठीमागची धूळ पुसली आणि वर एक थापही मारून पाहिली. प्रत्येक वेळी ते ठिपके आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर, तेही इतक्या सभ्य भाषेत, की एखाद्याने हात जोडून मुस्कटात मारावी. बाहेर शेजारच्या छपरावरून बर्फ धप्पकन कोसळला. तोकुजिरोच्या नाकी नऊ आले होते.

दोन वाजले.

"मोठ्या भाऊजींना फोन करा," मिसाओ स्वयंपाकघरातून म्हणाली. "पेटी बदलली, म्हणून जमत नाही म्हणावं."

"कुणाला? तिकडे कोण बसतं ते मला काय ठाऊक?"

"मला ठाऊक आहे. अख्ख्या आळीला ठाऊक आहे. रविवारी एकच्या ठोक्याला दाढी करून बसता तुम्ही, अनोळखी माणसासाठी कोण दाढी करतं? आणि तेही टीव्हीसमोर!"

"तू तुझं सूप बघ. मीठ जास्त झालंय त्यात, इथपर्यंत वास येतोय."

"मिठाला वास नसतो. वड्याचं तेल वांग्यावर काढू नका. मी काही तुमची पेटी बदलायला सांगितली नव्हती."

खरं होतं ते. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता, आणि शिंजोला एक म्हातारा रिकाम्या पडद्यासमोर बसून "पळाला" म्हणत असणार, हे तोकुजिरोला स्वच्छ दिसत होतं. त्याला रडू येईल की काय असं वाटलं, आणि त्याचाच त्याला अधिक राग आला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एका डब्याने रडवायचं म्हणजे काय!

तो उठला. गुडघे कटकटले. टेबलावरचा फोन उचलून त्याने भावाचा नंबर फिरवला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं, कारण ठरवायला बसला असता तर फोन कधीच झाला नसता.

"कागाया," पलीकडून आवाज आला.

"इकडेही कागायाच."



"कोण गेलं?" एइकिचीने विचारलं.

"कुणी गेलं नाही. सगळे आहेत. दादा, पासवर्डमधलं हानकाकु म्हणजे काय रे?"

"हे विचारायला फोन केलास?"

"हो."

एइकिचीचा जन्म लोकांचे अर्ज तपासण्यात गेला होता. प्रश्न अर्जाच्या खिडकीवरचा निघाल्यावर त्याचा आवाज एकदम ताठ झाला. "इंग्रजी अक्षरं आणि आकडे आपल्याकडे दोन आकारांत येतात. एक आपल्या अक्षराएवढं रुंद, ते पूर्ण. दुसरं त्याच्या निम्मं, ते अर्धं. तुला मला सारखीच दिसतात, पण यंत्र ती वेगवेगळी धरतं. पासवर्ड अर्ध्यातच टाकायचा असतो."

"मग ती कंपनीची पोरगी काकु काकु काय करत होती?"

"तिचा काकु म्हणजे चौकोन, अक्षराची जागा. सोंगटी नव्हे. तुला आयुष्यात एकच काकु माहीत!"

"पण अक्षर दिसतंय कुठे? ठिपके पडतात नुसते!"

"खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट आहे बघ. त्यात काय लिहिलंय?"

तोकुजिरो फोन घेऊन पडद्याजवळ वाकला. "'पूर्ण'. हे तर सकाळपासून आहे. मला वाटलं, पासवर्ड पूर्ण झाला असं सांगतंय."

पलीकडे घशातून एक आवाज आला. खोकला असावा, किंवा हसू. "ते दाब. 'अर्धं' येईल. मग टाक."

तोकुजिरो दाबणार तोच थांबला. "दादा, खाली उजव्या कोपऱ्यात चौकट आहे, हे तुला रे कसं माहीत?"

 

"माझ्याकडेही तोच डबा आहे," शेवटी एइकिची म्हणाला.

"असं होय."

"हो."

तोकुजिरोने फोन खांद्यात दाबून पुन्हा ती खिचडी टाकली. ठिपके पडले, अगदी मघाचेच. मग पडदा निळा झाला आणि यंत्र म्हणालं, "जोडले गेले."

"जोडलं!" तो ओरडला. मिसाओ पळी घेऊनच धावत आली. "जोडलं रे, दादा! आता येतो बघ, लगेच…"

यंत्र पुढे म्हणालं, "आपली आवृत्ती जुनी आहे. नवी उतरवून घेत आहे. कृपया यंत्र बंद करू नये." त्याखाली एक लांब रिकामी पट्टी उमटली, आणि तिच्या टोकाशी सुईएवढी हिरवी रेघ.

"अरे, याच्या…!" साठ्यातली उरलीसुरली शिवी तोकुजिरोने तिथे खर्च केली. "आता हे काय?"

"किती आहे?"

"एक टक्का."

"लागेल वेळ. माझंही मागे असंच झालं होतं." एइकिची थांबला. "फोन ठेवू?"

"नको," तोकुजिरो म्हणाला. तो जमिनीवर बसला आणि पाठ भिंतीला टेकली. समोर मिसाओ पळी धरून उभीच होती. तिने तोंड दुसरीकडे वळवलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. "दादा, गेल्या रविवारचं. हरलो."

"माहितीये."

"मी बटण बंद केलं."

"मी वीज गेली असं धरलं होतं. बर्फ फार आहे यंदा तुमच्याकडे."

तोकुजिरोकडे वीज गेली नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. तो म्हणाला, "हो, बर्फ फार आहे." मग बर्फावरच बोलणं सुरू झालं. छपरावरचा कोण काढतो, शिंजोला पगारी माणसं मिळतात का, एइकिची शिडीवर चढतो की काय. "चढतो," म्हणाला. "या वयात?" तोकुजिरो खेकसला. "मग कोण चढणार, तू येणारेस?" हेही खेकसूनच आलं. पट्टी रांगत रांगत निम्म्यावर गेली.

"आता शिडीसुद्धा बंद करावी लागेल म्हणा," एइकिची म्हणाला. "डोळ्याचं ऑपरेशन करायचंय. डाव्या डोळ्याला टीव्हीचा पडदा नीट दिसत नाही. हल्ली खरा पट शेजारी मांडूनच खेळतो मी, तुझी प्रत्येक चाल त्याच्यावर लावून बघतो. म्हणून तर इतका वेळ घेतो."

तोकुजिरोला वाटायचं, दादा आपल्याला खिजवायला वेळ काढतो. "ऑपरेशन कधी?"

"मार्चात. एक रात्र राहावं लागेल. सोबत कुणीतरी आणा म्हणतात. मी म्हटलं, बघतो." एइकिची घाईघाईने पुढे म्हणाला, "ते जाऊ दे. किती झालं तुझं?"

तोकुजिरोने मान वर केली. हिरवी रेघ पट्टीच्या टोकाला जाऊन पोचली होती. "पूर्ण झाले. सुरू करायचे का?" असं विचारून यंत्र शहाण्यासारखं थांबलं होतं.

"कसलं काय," तोकुजिरो म्हणाला. "निम्मंसुद्धा नाही अजून. भिकार डबा आहे. तू सांग, कुठल्या हॉस्पिटलात?"