पाटी वाचून पाणी

साहेब, आमची गाडी तुम्ही पळवली. कागदावर त्याला काय म्हणायचं ते म्हणा, आम्ही पळवली असंच म्हणणार. आणि नुसती गाडी नाही, तिच्या पोटातलं आमचं पाणीसुद्धा.

पाणी कसलं, ते आधी ऐका. आमची वाडी चकलांब्याच्या पुढं, डांबर संपतं तिथं. संध्याकाळची एसटी आमच्याकडं मुक्कामाला येते, मारुतीच्या पारापाशी झोपते आणि सकाळी कॉलेजच्या गावाला जाते. यंदा विहिरी आटल्या तेव्हा ड्रायव्हर शहादेव म्हणाला, "रेडिएटरला पाणी न्हाई, आमाला तोंड धुवायला न्हाई. डेपो मुक्काम बंद करायचं म्हणतोय."

मुक्काम बंद म्हणजे सकाळची गाडी बंद, आणि सकाळची गाडी बंद म्हणजे माझी पुतणी सत्यभामा घरी. तिचा बाप म्हाळू, माझा थोरला भाऊ, मेंढरं राखणारा माणूस. त्यानं पहिल्याच वर्षी पोरीला सांगून ठेवलेलं, "गाडी गावात झोपती तंवर शीक. झोपायची बंद झाली की मी पाव्हणे बोलावतो." आता ती शेवटच्या वर्षाला होती.

म्हणून वाडीनं पाळी लावली. टँकर आला की पाळीच्या घरानं एक कळशी गाडीसाठी बाजूला काढायची. घरातलं म्हातारं तहानलं तरी तिला हात लावायचा नाही. बायका तिला गाडीबाईची कळशी म्हणायच्या.

त्या दिवशी सत्यभामाचा इतिहासाचा पेपर होता. पाळी चतुराबाईची. एकटी म्हातारी, दाराशी एक शेळी. शहादेवनं रेडिएटरचं झाकण उघडलं, पण कळशी काही तिनं त्याच्या हातात दिली नाही.

"सांडशील आजे."

"हात थरथरतो माजा, पाणी न्हाई सांडत. तू गाडी नीट हाण म्हंजे झालं."

पाणी आत गेलं आणि कंडक्टरचा फोन वाजला. "हां साहेब, हां साहेब," एवढंच तो बोलला. मग त्यानं पुढची पाटी काढून दुसरी लावली. चतुराबाईनं डोळे बारीक केले.

"काय लिव्हलंय गं?"

सत्यभामानं वाचलं, "प्रासंगिक करार."

"ह्ये कोणतं गाव? वाटंत लागतं का?"

सगळे हसले. सत्यभामा हसली नाही.

"गाव न्हाई आजी," कंडक्टर म्हणाला, "गाडी भाड्यानं गेली. कारखान्याचा मेळावा हाय. बसा समदे, तिकीट न्हाई."

"अन् पोरीचा पेपर, मास्तर?" मी विचारलं.

"मला कावून इचारता नाना? मी काय डेपो हाय का?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "फाट्यावर सोडतो. तिथून जीप भेटंल."

मी तिच्यासोबत निघालो. चकलांब्यात गाडी भरली. कारखान्याचा माणूस दारात उभा राहून मुंडकी मोजायला लागला. सत्यभामालाही त्यानं मोजलं.

"मी मेळाव्याला न्हाई, पेपरला चाललेय."

"कुठं का जाईना ताई, बसलीस ना? मुंडकं झालं."

मागनं कुणीतरी ओरडलं, "चल की पोरी, तिथं जेवण हाय. पेपरात जेवायला देतेत का?"

पुन्हा हशा. ती वही उघडून एकच पान वाचत राहिली.

"थांबू नको बे!" असं तो मोजणारा माणूस ओरडत असताना शहादेवनं फाट्यावर ब्रेक मारला. आम्ही उतरलो. फाट्यावर जीप नव्हती. होत्या तेवढ्या साऱ्या झेंडे लावून आमच्या अंगावर धुरळा उडवत मेळाव्यालाच चाललेल्या. मग पायी. आधी ती माझ्या पुढं होती. नंतर माझ्यासारखीच चालायला लागली.

कॉलेजच्या फाटकावर शिपाई म्हणाला, "आता आत सोडत न्हाईत."

"आमची गाडी मेळाव्याला नेली हो."

"मग मेळाव्यालाच जायचं व्हतं की."

आम्ही माघारी वळलो. भांडायलाही अंगात काहीतरी लागतं. स्टँडवर आम्ही दिवस काढला. संध्याकाळी तीच गाडी आली, आमच्या वाडीची पाटी लावून, जशी काही कुठं गेलीच नव्हती. शहादेवनं आम्हाला पुढंच बसवलं. मग म्हणाला, "मांडवापुढं धूळ बसावी म्हणून टँकरनं सडा मारला, नाना. अन् भाषण काय, तर पाणी जपून वापरा." मला नवल वाटलं नाही. नवल वाटायचंही आता दमून गेलंय.

पारावर म्हाळू बसलेला. "झाला का पेपर?"

"गाडीच नव्हती, आबा."

म्हाळूनं पारापाशी उभ्या गाडीकडं बघितलं. "मग ही काय हाय?"

तो उठला. "सकाळी आपली पाळी हाय. कळशी द्यायची न्हाई. त्यांची गाडी, त्यांनीच पाजावं तिला."

सकाळी कळशी सत्यभामानंच बाहेर आणली. म्हाळू उंबऱ्यात उभा होता, पण आडवा आला नाही. शहादेवनं झाकण उघडलं. तिनं कळशी कमरेवरून खाली घेतलीच नाही.

"मास्तर, आधी पाटी लावा."

"अगं, लावतो की. पाणी तर वत."

"आधी पाटी."

कंडक्टरनं पाटी लावली. तिनं कॉलेजच्या गावाचं नाव मोठ्यानं वाचलं. मागनं चतुराबाई म्हणाली, "नीट वाच गं. त्या गावाला पुन्ना नको." मग सत्यभामानं धार धरली.

आता वाडीत हाच नेम आहे. पाटी वाचल्याशिवाय पाणी नाही. राहिलेले पेपर ती देईल. बुडाला त्याचं काय, ते कॉलेज म्हणतं डेपोला विचारा, डेपो म्हणतो वर विचारा. वर तुम्ही बसलाय, म्हणून तुम्हाला विचारतो. चतुराबाई रोज माझा जीव खाते, तिला सांगायला मला काहीतरी हवंय. ते प्रासंगिक करार नावाचं गाव कुठं आहे? तिथं कॉलेज आहे का? तिथं पायी आलेल्या पोरीला फाटक उघडतात का? बोला साहेब, आमची पोर त्या गावाला कुणी नेली?