अर्ध्या कहाणीला हूं

देवाची कृपा कुठल्या रूपाने समोर उभी राहील, सांगता येत नाही. प्रेमिलापुढे ती उभी राहिली सुतळीला बांधलेल्या पेन्सिलीच्या रूपाने.

१९७३ सालची गोष्ट. काटोलच्या मारोतराव धवडांची ही धाकटी लेक नागपूरच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती आणि महालात सिंधूमावशीकडे राहत होती. मराठी शिकवणाऱ्या गावंडे सरांनी त्या वर्षी दर शनिवारी एक लेखनवर्ग सुरू केला. वर्ग म्हणजे काय, तर वाचनालयाबाहेरच्या भिंतीवर एक लांबच लांब हिरवा फळा. प्रत्येकाने आठवड्याला एक पान लिहायचं, एकच, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. शनिवारी ते टाचणीने फळ्यावर लावायचं. मागचं पान काढायचं नाही, नवं त्यावरच लावायचं, म्हणजे ज्याला जुनं पाहायचं तो उचलून पाहील. आणि प्रत्येकाच्या पानाखाली एक कोरा कागद, शेजारी सुतळीने लोंबणारी पेन्सिल. वाचणाऱ्याने काय वाटलं ते तिथल्या तिथे लिहायचं.

"कॉलेजचं मासिक वर्षातून एकदा निघतं," सर म्हणाले. "तोवर लिहिणारा विसरून जातो आणि वाचणारा पास होऊन जातो. इथे लिहा, आणि येता-जाता पाहा, कोणी थांबतं का."

लोक थांबत होते. जया गजभियेच्या पानापुढे तर घोळका असायचा. ती इंदोऱ्याची. तिच्या गल्लीतल्या नळावरची भांडणं ती अशी लिहायची की वाचणाऱ्याच्या पायावर पाणी सांडावं. खोडकर गिरिधरच्या पानाखाली हसण्याच्याच नोंदी. प्रेमिलाच्या पानापुढे मात्र कोणी थांबत नव्हतं. तिने लिहिलं होतं घरच्या देवघराबद्दल, आईच्या व्रतांबद्दल, नैवेद्याच्या ताटावर फिरवायच्या पाण्याबद्दल. कोऱ्या कागदावर एकच ओळ आली, अक्षर गिरिधरचं: 'आरती किती वाजता आहे? प्रसाद मिळन का?'

सगळे हसले. प्रेमिलाही हसली, पण घरी जाऊन रडली. पुढच्या शनिवारी तिने देवघर सोडलं आणि चांदण्या रात्रीच्या समुद्रावर लिहिलं. समुद्र तिने पाहिलेला नव्हता. सरांनी खाली एवढंच लिहिलं: 'हा समुद्र कोणाचा?'

दुसरीकडे घड्याळ चालूच होतं. शनिवारी त्याच वेळेला सीताबर्डीवर टायपिंगचा क्लास असायचा, आणि मारोतरावांची इच्छा होती की लेकीने टायपिंग शिकावं. शिकलेला हात पुढे-मागे कामाला येतो. पोळ्यानंतर ते नागपूरला आले तेव्हा सगळं ऐकून घेऊन म्हणाले होते, "लिही बापा दिवाळीपर्यंत. मंग मी संत्र्याच्या गाडीसंगं येतो अन् पाह्यतो तुह्या फळ्याले. कोणी वाचत असन तर खुशाल लिही. नाही तर मंग टायपिंग. भिंतीशी बोलून काय भेटते?"

बाप चांगला होता. रागावून बोलला असता तर प्रेमिलाला रागावता तरी आलं असतं.

आता तिच्या घरची एक रीत सांगायला हवी. तिची आई भागीरथाबाई चातुर्मासात रोज एक कहाणी सांगायची. सकाळी पूजा झाली की हातात हळद लावलेले तांदळाचे दाणे घ्यायचे, ऐकणाऱ्याच्याही हातात द्यायचे, आणि कहाणी सुरू करायची. ऐकणाऱ्याने मध्ये-मध्ये 'हूं' म्हणायचं. तो हूं म्हणाला नाही तर कहाणी पुढे सरकत नाही. संपली की दोघांचे दाणे तुळशीला वाहायचे, मगच ताटावर बसायचं. आणि सुरू केलेली कहाणी अर्धी सोडायची नाही. सोडली, तर ती पुरी होईपर्यंत सांगणारीने अन्नाला हात लावायचा नाही.

प्रेमिला बोलायला लागली तेव्हापासून आईची हूं म्हणणारी तीच. नागपूरला आल्यावर तिनेही तो नेम धरला. पण मावशी टेलिफोन ऑफिसात कामाला, सकाळी घरात नुसती धावपळ. म्हणून प्रेमिला गच्चीवर डालड्याच्या डब्यातल्या तुळशीला कहाणी सांगायची. तुळस ऐकायची सगळं. हूं मात्र प्रेमिलालाच म्हणावं लागायचं.

एक दिवस असंच स्वतःला हूं म्हणताना तिच्या मनात आलं, मी इथे. मग तिकडे आईला हूं कोण म्हणत असेल? तो विचार तिला काही सुचू देईना. शेवटी तिने तेच लिहायला घेतलं. घाट कहाणीचाच ठेवला. एक आटपाट गाव नव्हतं, काटोल होतं. राणी नव्हती, संत्र्याच्या बागेतली एक बाई होती. तिला एक लेक होती. बाईने कहाणी सांगावी, लेकीने हूं म्हणावं, असे कितीक चातुर्मास गेले. बाईचा नवरा बागेच्या घाईत असायचा. तो चपला घालता-घालता म्हणायचा, चालू द्या तुमचं. मग लेक शिकायला गेली. बाईने दाणे हातात घेतले, समोर पाहिलं, तर पाट रिकामा. मग त्या बाईच्या कहाणीला हूं कोण म्हणू लागलं...

इथे पान संपलं. नियम एका पानाचा. प्रेमिलाने ते तसंच फळ्यावर लावलं आणि घरी आली.

मावशीने ताट वाढलं. वरण-भाताचा घास प्रेमिलाने तोंडापर्यंत नेला आणि तिचा हात तिथेच थांबला.

"काय झालं वं? केस निघाला का भातात?" मावशीने विचारलं.

"नाही मावशी. माझी कहाणी अर्धी राहिली."

"मंग सांगून टाक ना. मी म्हणतो हूं. लवकर सांग मातर, दूध उतू जाईन."

"भिंतीवर राहिली. कॉलेजात."

मावशीने कपाळावर हात मारला. "तिथं काहून गेली कहाणी सांगाले? बरं, दुसऱ्या कागदावर लिहून लावून ये सोमवारी."

प्रेमिला खाली मान घालून म्हणाली, "शेवट मलाच माहीत नाही."

"मनानं रच! एवढी बी.ए. होऊन राहिली."

"कहाणीत मनचं घालत नाहीत," प्रेमिला हळूच म्हणाली. समुद्र एकदा घालून झाला होता, ते तिला पुरे होतं. तिने ताटाला नमस्कार केला आणि ते झाकून ठेवलं. मावशीने भगर शिजवून दिली, वर दाण्याची आमटी. बोलतही होती आणि तूपही वाढत होती.

सोमवारी मधल्या सुट्टीत सगळ्या पोरींनी डबे उघडले. प्रेमिलाने केळं काढलं.

"काहून वं, आज कोणती एकादशी?" जयाने विचारलं.

प्रेमिलाने सांगितलं. जया आधी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग हसू आवरून तिने आपला डबा झाकून हातात घेतला.

"आमच्या घरी व्रतंबितं नाहीत," ती म्हणाली. "मी पाळण्यात होती तेव्हाच बाबांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून काहीच नाही. पण आजी गोष्ट सांगे ना, तर हूं म्हणाच लागे. हूं बंद झालं की आजी म्हणे, झोपली वाटते कार्टी, अन् गोष्ट बंद. अन् हूं चालू असलं तर गोष्ट चालू. मधात आजी उठे, कोंबड्या झाके, चुलीत लाकूड सारे, शेजारणीशी भांडूनही ये. गोष्ट काही मोडत नव्हती."

"मग?"

"मग काय! तुही कहाणी अर्धी नाही राहिली, वेडे. तिचा हूं राहिला. चाल."

आणि हाताला धरून तिने प्रेमिलाला फळ्यापुढे नेलं. पान सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. पेन्सिल घेतली आणि कोऱ्या कागदावर लिहिलं: 'हूं. – जया गजभिये.'

तेवढ्यात गिरिधर शीळ घालत आला. जयाने त्याची वाट अडवली. "इकडं ये. हे पोरगी उपाशी आहे. पान वाच अन् खाली हूं लिही."

"न वाचता लिहिलं तर?"

"तर ते लागत नाही," प्रेमिला म्हणाली. एवढं ती गिरिधरशी पहिल्यांदाच बोलली असेल.

गिरिधर वाचायला लागला. अर्ध्यावर त्याची शीळ बंद झाली. त्याने हूं लिहिलं, चार पावलं गेला आणि परत आला. "पण मग कोण म्हणते?"

"काय?"

"हूं! त्या बाईले!"

"मला नाही माहीत."

"म्हणजे? तूनंच तं लिहिलं!" तो खरंच चिडला होता. मग त्याने पुन्हा पेन्सिल उचलली आणि आपल्या हूंखाली लिहिलं: 'आता जेव वं माय.'

जयाने आपला डबा पुढे केला. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. गावी कोणी पाहिलं असतं तर चार शब्द बोललं असतं. प्रेमिलाने अन्नाला हात जोडले आणि त्यातला घास घेतला. इतकी गोड अंबाडी तिने पुढे कधी खाल्ली नाही.

त्या आठवड्यात कागद भरत गेला. कोणी 'हूं', कोणी 'हूं हूं'. सायन्सच्या कुठल्या मुलाने लिहिलं, 'माझी आत्या आठवली. हूं.' ज्यांची नावंही प्रेमिलाला माहीत नव्हती, ती मुलं थांबत होती. सरांनी खाली दुसरा कागद लावला आणि त्याच्या माथ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'हूं. शेवट खोटा करू नकोस.'

तीच तर पंचाईत होती. दिवाळीच्या तोंडावरचा शनिवार उजाडला, शेवट सापडला नव्हता, आणि सकाळीच मारोतराव कॉलेजच्या फाटकात उभे! धोतर, बंडी, हाताला संत्र्याच्या सालीचा वास. संत्रा मार्केटात गाडी खाली करून थेट आले होते.

"चाल बाई, दाखव तुही भित."

कोणी वाचत नाही ही भीती आता उरली नव्हती. नवीच भीती उभी होती: त्या पानात बाबा होते. चपला घालता-घालता 'चालू द्या तुमचं' म्हणणारे. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडली म्हणून ते काय म्हणतील? टायपिंगचं सोडाच, कॉलेजही बंद करतील.

मारोतराव फळ्यापुढे उभे राहिले. चष्म्यासाठी त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि चष्म्याबरोबर काहीतरी पांढरं खाली सांडलं. प्रेमिला उचलायला वाकली.

तांदळाचे दाणे. थोडे हळद लागलेले.

ती वाकलेलीच राहिली. पुरुषमाणसाच्या खिशात हळदीचे दाणे कुठून येतात, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

वर मारोतराव ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचत होते. हळूहळू. जया आणि गिरिधर दूर उभे राहून भिंतीकडे पाहिल्यासारखं करत होते. बोट शेवटच्या ओळीवर आलं आणि थांबलं. मग त्यांनी खालचे दोन्ही कागद वाचले.

"हे सारे हूं कोणाचे?"

"वाचणाऱ्यांचे, बाबा."

"एवढ्या जणांचे?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "तू नागपूरले आली," ते फळ्याकडेच पाहत म्हणाले, "अन् चातुर्मास लागला तं पयल्याच दिवशी तुह्या मायनं दाणे हातात घेतले अन् तुह्या पाटाकडं पाह्यत बसली. तोंडातून शब्द निघे ना. मी चपला घालून राहिलो होतो. म्हटलं, आन इकडं दाणे. तवापासून बसतो. बागेत माणसं वाट पाह्यतात, पण हूं म्हटल्याबिगर उठता येते का? आज तं पहाटंच संत्र्याची गाडी निघून राहिली होती, दाणे वाहाचेच राहून गेले."

"काका!" गिरिधरला राहवलं नाही. "म्हणजे तुम्हीच का! आम्ही आठवडाभर विचार करून राहिलो ना इथं!"

मारोतराव लाजले. लेकीने त्यांना लाजताना पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी पेन्सिल धरली, फावडं धरावं तशी, आणि कागदावर उरलेल्या जागेत लिहिलं: 'हूं. मारोतराव.'

"बाबा," प्रेमिलाने विचारलं, "अन् टायपिंग?"

"टायपिंगले हूं कोण म्हणन?" ते म्हणाले. "लिही."

ते मार्केटकडे परतले. प्रेमिला वाचनालयाच्या पायरीवर बसली आणि तिने कहाणी पुरी केली. शेवट अर्ध्या पानाचाही झाला नाही. टाचणी लावताना तिच्या डाव्या मुठीत ते दाणे होते. संध्याकाळी गच्चीवर जाऊन तिने ते डालड्याच्या डब्यातल्या तुळशीला वाहिले, आणि देवाचं, आईचं, बाबांचं, जयाचं, आणि जिच्या टोकाला एवढ्या जणांचा हात लागला त्या पेन्सिलीचंही नाव घेऊन नमस्कार केला.

खालून मावशीने हाक दिली, "झाली का वं तुही भितीवरची कहाणी? भात निवून राहिला!"

"झाली मावशी," प्रेमिला म्हणाली, आणि जेवायला खाली उतरली.